स्टेशन पाडण्याआधी ते मोजून घ्या

पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज आता ब्रॉडगेज होणार आहे आणि जामनेरच्या पुढे बोदवडला जाऊन मुख्य मार्गाला मिळणार आहे. सगळी मिळून ८४ किलोमीटर. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबलेली ‘पीजे’ त्यानंतर पुन्हा धावली नाही. त्यामुळे शेंदुर्णी, पहूर, जामनेरकडच्या लोकांना नवी गाडी हवी आहे, लवकर हवी आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. रुंदीकरणाला या लेखात विरोध नाही. मागणी एकच आहे. या मार्गावरचं जे जुनं पाडायचं, उचलायचं किंवा भरावाखाली घालायचं आहे, त्याची मोजमापासह नोंद आधी व्हावी, आणि ही अट कंत्राटातच असावी. नोंदीचा संच जमा झाल्याशिवाय पाडकामाचं बिल मंजूर होऊ नये.

अट कंत्राटातच का? कारण जुनं स्टेशन कोणी मुद्दाम नष्ट करत नाही, ते कामाच्या क्रमात नाहीसं होतं. निविदेत ‘जुनं बांधकाम पाडणे’ हे एक साधं कलम असतं. रूळ, लोखंडी खांब, पत्रे हा निघालेला माल म्हणून रेल्वेच्या भांडार खात्याकडे जातो आणि पुढे भंगाराच्या लिलावात निघतो. दगड-विटा बहुतेक वेळा तिथल्याच भरावात जातात. उपअभियंता बदलतो, नवं स्टेशन उभं राहतं, आणि दहा वर्षांनी गावातला एखादा शिक्षक गावाचा इतिहास लिहायला बसतो तेव्हा त्याच्या हाती एखाद-दुसरा धूसर फोटो आणि ऐकीव गोष्टी एवढंच उरतं. स्मारक म्हणून संरक्षण मिळवण्याचा रस्ता लांबचा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, पण वास्तू शंभर वर्षांची झाली की आपोआप संरक्षित होते असं मुळीच नाही. पीजेची स्टेशनं १९१८-१९ ची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. तरीही त्यांच्या बाजूनं आज उभं राहील असं एकच साधन व्यवहारात आहे, ते म्हणजे कामाची ऑर्डर.

नोंद कशाची करायची, याबद्दल मोठा गैरसमज आहे. स्टेशनचा इतिहास म्हटला की दर्शनी भिंत, कमान, कौलारू छप्पर आणि पितळी घंटा एवढंच डोळ्यांपुढे येतं. नूतनीकरणातही लक्ष तिथंच जातं. अमृत भारत योजनेत मे २०२५ मध्ये धुळे आणि सावदा या आपल्या भागातल्या दोन स्टेशनांच्या नव्या रूपाचं उद्घाटन झालं. प्रवाशांना स्वच्छतागृह, सरकता जिना, नीट सावली मिळते ते चांगलंच. पण सावद्याचा इतिहास दर्शनी भिंतीत कधीच नव्हता. तो केळीच्या डब्यांत होता, माल भरण्याच्या वेळापत्रकात होता. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं, तेव्हा फैजपूरला जवळचं स्टेशन सावदाच होतं. सुशोभीकरणाच्या आराखड्यात या गोष्टींना जागा कुठे? फार तर भिंतीवर केळीच्या घडाचं चित्र निघतं.

लहान गावाच्या स्टेशनचा खरा इतिहास मालधक्क्यावर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागी असतो. खान्देशात तर विशेष. १८६० च्या दशकात जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची) मुख्य लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आली, तोच अमेरिकेतल्या यादवीचा काळ. १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला न भूतो असा भाव मिळाला, आणि जळगावचं बाजारपेठेत रूपांतर होण्याची सुरुवात तेव्हाची. धरणगाव, एरंडोल, पारोळा, नशिराबाद ही आधीची नावाजलेली गावं रुळापासून बाजूला पडली. त्यांचा व्यापार एका दिवसात गेला नाही, पण वजन सरकत गेलं. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचं मुख्यालय जळगावला आलं. स्टेशननं गाव वाढवलं असं आपण सहज म्हणतो, पण वाढवलं ते तिकीट खिडकीनं नव्हे. मालधक्का, त्याला लागून जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून गाठी बांधायचे कारखाने), त्याला लागून अडत्यांच्या पेढ्या आणि हमालांची वस्ती, या साखळीनं वाढवलं. गावच्या नकाशावर स्टेशन रोड कुठे रुंद होतो आणि कुठे वळतो ते पाहा. तो बहुधा प्रवाशांच्या नव्हे, बैलगाड्यांच्या सोयीनं आखलेला दिसेल.

आता पाचोऱ्याचं घ्या. इथं दोन मापांचे रूळ भेटत होते. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, नॅरोगेज ७६२. जामनेरकडून आलेली कापसाची गाठ सरळ मुंबईला जाऊ शकत नव्हती. ती पाचोऱ्याला छोट्या डब्यातून काढायची आणि मोठ्या डब्यात भरायची. त्या काळची प्रेस केलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. शंभर गाठी म्हणजे जवळपास १८ टन. हे सगळं वजन हमालांच्या हातांनी आणि आकड्यांनी एकदा जास्तीचं उचललं जायचं. त्यात वेळ जायचा, पट्ट्या तुटायच्या, खुणेच्या चिठ्ठ्या निघायच्या, एका व्यापाऱ्याची गाठ दुसऱ्याच्या मालात जायची, आणि मग भरपाईचे दावे. रस्ते सुधारून ट्रक आले तेव्हा या फाट्याचा माल आधी गेला, प्रवासी बऱ्याच नंतर गेले. ट्रक जिनच्या दारात उभा राहायचा आणि थेट गिरणीच्या दारात उतरवायचा. फाटा ‘तोट्यात गेला’ असं दोन शब्दांत लिहून मोकळं होणाऱ्यांना हे कळत नाही की तोट्याचं मूळ दोन मापांच्या सांध्यात होतं.

हा सांधा जमिनीवर वाचता येतो, आणि म्हणून मोजणीला महत्त्व आहे. माल बदलीच्या जागी दोन्ही डब्यांचे तळ एका पातळीत यावेत म्हणून दोन रुळांच्या पातळीत मुद्दाम फरक ठेवण्याची पद्धत होती. रूळ उचलले, वर मुरूम पसरला, की तो फरक गेला. फोटोत तो दिसत नाही. डम्पी लेव्हल (पातळ्यांतला फरक मोजायची दुर्बीण) लावून, एका रुळाच्या माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत, फलाटाच्या कडेपर्यंत आणि धक्क्याच्या जोत्यापर्यंत पातळ्या घेतल्या तरच तो कागदावर उतरतो. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते राहून गेलं तर पुढे कितीही निधी आला तरी करता येत नाही.

जुन्या इमारती वाचवणं अवघड का जातं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण ‘जुनं स्टेशन तसंच ठेवा’ ही मागणी अनेकदा अभियांत्रिकी न पाहता केली जाते. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच लागतो. नॅरोगेजचा फलाट याहून पुष्कळ बुटका, काही ठिकाणी जमिनीलगत. जुन्या इमारतीचं जोतं त्या बुटक्या फलाटाच्या हिशेबानं बांधलेलं असतं. नवा फलाट तिच्यासमोर उभा केला की तो जोत्याच्या वर जातो, दार खड्ड्यात पडतं, आणि पावसाचं पाणी फलाटावरून इमारतीत उतरतं. खान्देशच्या काळ्या मातीत पाया असेल तर गोष्ट आणखी बिघडते. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाशी पाणी मुरत राहिलं की दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरप्या भेगा पडतात. त्यावर कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारतं. मूळ बांधणी चुन्यातली असेल तर सिमेंट आतली ओल बाहेर येऊ देत नाही, क्षार साचतात, गिलाव्यामागे चुना भुसभुशीत होतो. मग तपासणीत शेरा येतो: इमारत धोकादायक. शेरा खोटा नसतो, पण धोका मागच्या दुरुस्तीनं आणलेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे. नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा चालतं, ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या खाली जाता येत नाही, आणि नव्या मार्गावर तर याहून कितीतरी मोठ्या त्रिज्येची सौम्य वळणं आखली जातात. त्यामुळे रुंदीकरणात नवी रेषा बऱ्याच ठिकाणी जुनी रेषा सोडून जाते. तिथं जुनं स्टेशन पाडायची गरजच नसते. पण ते कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतं, म्हणून दारं-खिडक्या आधी जातात, मग कौलं, मग वासे. अशी स्टेशनं आराखड्याच्या टप्प्यावरच वेगळी काढावीत आणि वाचनालय, शेतमाल संकलन केंद्र, पोलीस चौकी असा उपयोग ठरवून ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला भाड्यानं द्यावीत. रेल्वेची जमीन रेल्वेचीच राहील, छप्पर मात्र टिकेल. जिथं जोत्याचा प्रश्न सुटत नाही तिथं इमारत जाऊ द्यावी. भावनेपोटी अर्धी भिंत ठेवून तिच्याभोवती बाग करणं यातून काही साधत नाही.

नोंद नीट कशी होते, हे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण ‘फोटो काढून ठेवले आहेत’ हे उत्तर हमखास मिळतं. फोटो लागतात, पण प्रत्येक बाजूचा समोरून, सरळ, एक मीटरची खुणांची पट्टी भिंतीला लावून काढलेला. पट्टीशिवायचा फोटो ही आठवण आहे, मोजमाप नव्हे. इमारतीचा आराखडा १:५० प्रमाणात, आवार १:५०० मध्ये, आणि दाराची चौकट, खांबाचा माथा, छपराची कैची असे तपशील १:१० मध्ये. खोलीची लांबी-रुंदी घेऊन भागत नाही. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण न घेता कागदावर चौकोन काढला की तो कागदावर नीट बसतो आणि चुकीचा असतो. इमारतीपासून जवळच्या रुळाच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना घ्यायचं. पाण्याची टाकी, विहीर, इंजिनाला पाणी द्यायचा खांब, इंजिनाची राख टाकायचा खड्डा, सांधे, लिव्हरची जागा, फाटक, हद्दीचे दगड, कर्मचाऱ्यांची घरं हे सगळं आवाराच्या नकाशावर. हद्दीचे दगड विशेष जपून मोजा. भूसंपादनाच्या नकाशाशी आजची जमीन जुळवायला तेच उपयोगी पडतात, आणि जेसीबीखाली तेच पहिले जातात. लहान स्टेशनला दोन मोजणीदार आणि एक छायाचित्रकार असतील तर हे दोन-तीन दिवसांत उरकतं. जळगाव, धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली आणि तंत्रनिकेतनांतली मुलं हे करू शकतील. फक्त त्यांच्या आराखड्यातली दर दहावं माप दुसऱ्यानं जागेवर जाऊन पुन्हा घ्यायचं, हा नियम पाळावा लागेल.

वस्तूंवरून काळ ठरवताना घोटाळा होतो. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठवलेलं असतं. ते वाचून कोणी उत्साहानं सांगतो की स्टेशन अमुक सालचं. पण मुख्य लाइनवर झिजलेले रूळ बाजूच्या रुळाला, तिथून कुंपणाच्या आणि छपराच्या खांबाला वापरायची रेल्वेची जुनी रीत आहे. कुंपणातला रूळ स्टेशनपेक्षा जुना असू शकतो. मंगलोरी कौलांवरही कारखान्याचं नाव असतं, पण कौलं फुटतात आणि बदलली जातात, त्यामुळे कौल इमारतीपेक्षा नवं निघतं. ‘जी.आय.पी.’ ही अक्षरं दिसली की लगेच कंपनीचा काळ धरला जातो. कंपनीचा कारभार सरकारनं १९२५ मध्ये घेतला, तरी नाव १९५१ मध्ये मध्य रेल्वे होईपर्यंत चालू होतं. म्हणून अशी खूण सापडली तर ती कुठल्या जागेवर, कुठल्या वस्तूवर, मूळ जागी की हलवलेली, एवढं लिहून ठेवायचं. साल ठरवायचं काम कागदांवर सोडायचं.

कागदांची गोष्ट इमारतींहून नाजूक आहे. स्टेशनवर काय काय असायचं? स्टेशन डायरी, गाड्यांच्या देवाणघेवाणीची नोंदवही, तपासणीच्या शेऱ्यांची वही, तक्रारवही, मालाच्या आवक-जावकीची पुस्तकं, स्टेशनच्या कामकाजाचे नियम, कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक. यातल्या बहुतेकांची जपणुकीची मुदत ठरलेली असते आणि मुदत संपली की ती नियमानंच रद्दीत जातात. मुदत संपलेल्या वह्यांची यादी रद्दीआधी विभागानं जाहीर करावी, एवढं जरी झालं तरी पुष्कळ वाचेल. पुठ्ठ्याची जुनी तिकिटं, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची, हौशी संग्राहकांकडे चांगली जपलेली आहेत. त्यांची काळजी नको. काळजी मालाच्या पुस्तकांची आहे, कारण ती कोणालाच गोळा करावीशी वाटत नाहीत आणि गावाचा अर्थव्यवहार तर त्यांच्यातच आहे. कुठल्या महिन्यात किती गाठी गेल्या, शेंगदाणा कधी वाढला, मीठ-रॉकेल किती उतरलं, हे दुसरीकडे इतकं सविस्तर मिळणार नाही.

कागद कुठे शोधायचे हे स्टेशन कोणत्या रेल्वेत येतं यावर अवलंबून आहे, आणि इथं अनेकांची वाट चुकते. पाचोरा, चाळीसगाव, धुळे, भुसावळ हे मध्य रेल्वेचे, म्हणून इमारतींची नोंदवही, जमिनीचे नकाशे आणि काम पूर्ण झाल्याचे आराखडे यांची विचारणा भुसावळ विभागाकडे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही मूळची तापी व्हॅली रेल्वेची लाइन. १९०० मध्ये सुरतेकडून आलेली ही लाइन आणि जळगावकडून गेलेला जी.आय.पी.चा फाटा अमळनेरला मिळाले. आज हा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहे. अमळनेरच्या स्टेशनचे कागद भुसावळला मागून महिने घालवले तरी उपयोग नाही, पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाकडेच जावं लागतं. यापेक्षा जुन्या व्यवहारांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, सार्वजनिक बांधकाम खात्याची रेल्वेविषयक दप्तरं. आणि जमीन कोणाची, किती, कोणत्या दरानं घेतली यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातले निवाडे आणि भूमी अभिलेख खात्यातले गावनकाशे. धुळ्याचा फाटा १९०० चा, छप्पनच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळाच्या वर्षातला. त्याचा अभ्यास करणाऱ्यानं दुष्काळी कामांची दप्तरंही शेजारी ठेवून वाचावीत.

आराखडे हाती आले तर ते हाताळायची रीत आहे. जुने आराखडे मेण-खळ लावलेल्या कापडावर शाईनं काढलेले असतात. ओल्या फडक्यानं धूळ पुसली की खळ सुटते आणि शाई पसरते. निळ्या छापाचे आराखडे उजेडात फिके पडतात, म्हणून ते भिंतीवर फ्रेममध्ये लावू नयेत. लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते उलटं करता येत नाही आणि आत अडकलेली आम्लता कागद खात राहते. मोबाइलच्या स्कॅन ॲपनं फोटो घेताना ते कडा आपोआप कापतं, आणि नेमका फाइल क्रमांक, तारीख, सही कडेलाच असते. साध्या कॅमेऱ्यानं, पसरलेल्या उजेडात, पट्टी आणि फाइल क्रमांकाची चिठ्ठी चौकटीत ठेवून, पुढची आणि मागचीही बाजू घ्यावी.

आणखी एक सापळा अंतराचा. जुने कागद मैल-साखळीत आहेत. एक मैल म्हणजे ८० साखळ्या, एक साखळी ६६ फूट, २०.१२ मीटर. मुख्य लाइनवरची अंतरं मुंबईपासून मोजलेली, शाखेवरची शाखेच्या सुरुवातीपासून. मेट्रिक पद्धत आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी पुलांचे क्रमांकही किलोमीटरप्रमाणे बदलले. जुन्या फाइलमधला पुलाचा क्रमांक घेऊन आजच्या रुळावर जाऊन उभं राहिलं की भलताच नाला समोर येतो आणि त्याच्यावर लेख लिहिले जातात. जुना क्रमांक, जुनं अंतर, नवं अंतर आणि अक्षांश-रेखांश असा चार रकान्यांचा तक्ता प्रत्येक स्टेशनच्या नोंदीला जोडलाच पाहिजे. रुंदीकरणानंतर अंतरं तिसऱ्यांदा बदलतील, म्हणून हे आत्ताच करायला हवं.

माणसांकडून माहिती घेताना ‘जुन्या आठवणी सांगा’ असं म्हणू नये. त्यातून गाडी किती हळू जायची आणि लोक धावत कसे चढायचे एवढंच हाती लागतं. गँगमनला विचारा, एका गँगकडे किती लांबी होती, स्लीपर लाकडी की लोखंडी, पावसात कुठला भराव खचायचा. हमालाला विचारा, गाठीमागे दर काय, तो कोण ठरवायचं, एक गाठ किती जण उचलायचे, पाणी कुठून प्यायचे. साल विचारलं की माणसं चुकतात, कारण आठवणीत वर्षं एकमेकांवर सरकतात. म्हणून खुंट्या वापरा: ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, मे ७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी तुम्ही कामावर होतात का, आणीबाणीत कोण स्टेशन मास्तर होते. मग तेच वेळापत्रकाशी ताडून पाहा. हे काम इमारतींपेक्षाही तातडीचं आहे. ज्यांनी पाचोऱ्याला गाठींची अदलाबदल हातानं केली ती पिढी आता थोडीच उरली आहे.

पाणी कुठून प्यायचे, हा प्रश्न वर सहज आलेला नाही. स्वातंत्र्यापूर्वी स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं असायचं, आणि ज्यांना दोन्हीकडे जागा नव्हती ते कुठे जायचे हे कोणत्याच आराखड्यात लिहिलेलं नाही. चाळीसगावचंच उदाहरण आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावाहून परतताना तिथल्या लोकांच्या आग्रहानं चाळीसगावला उतरले. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला तो हाकायला वस्तीतलाच एक जण बसला, ज्याला हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर (कठडा नसलेल्या बुटक्या पुलावर) चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा आणि टांगा नदीत गेले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आता सांगा, चाळीसगाव स्टेशनच्या इतिहासात टांगा स्टँडची जागा, तिथून वस्तीकडे जाणारा रस्ता आणि ती फरशी यांची नोंद नको? त्या ठिकाणांचं मोजमाप झालं, तर आगगाडीनं सगळ्यांना एका डब्यात बसवलं हे जे विधान आपण भाषणांत करतो, ते स्टेशनच्या दाराबाहेर किती पावलं टिकत होतं, हे नेमकं दाखवता येईल.

नोंदीअभावी काय होतं त्याचा एकच नमुना देतो. पीजेबद्दल सर्रास लिहिलं जातं की इंग्रजांनी कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी ही लाइन टाकली. १८६० च्या दशकातल्या मुख्य लाइनबद्दल या म्हणण्यात तथ्य आहे. पण पीजे आली १९१८-१९ मध्ये. तोवर आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचं मोठं गिऱ्हाईक मुंबईच्या आणि आपल्याकडच्या गिरण्या होत्या, आणि परदेशात जपान. जळगावात, अमळनेरात गिरण्या चालू होत्या. म्हणजे शेंदुर्णीची गाठ कुठे जात होती हा खरा, उत्तर मिळू शकेल असा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मालाच्या पुस्तकांत आहे. ती पुस्तकं न शोधता मँचेस्टरचं वाक्य उतरवत राहणं म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांचा, अडत्यांचा आणि गिरणीवाल्यांचा इतिहास परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं होय.

‘यामुळे काम रखडेल’ हा आक्षेप येईल. रखडणार नाही. निविदा मंजूर होण्यापासून प्रत्यक्ष पाडकामापर्यंत भूसंपादन, मोजणी, झाडांची परवानगी यांत बराच काळ जातो, आणि नोंद त्याच काळात बसते. ‘रेल्वेची संग्रहालयं आहेत की’ असंही म्हटलं जातं. संग्रहालयात इंजिन जातं, डबा जातो, घंटा जाते. आवार जात नाही.

जमा झालेला संच एकाच जागी ठेवू नये. एक प्रत विभागीय कार्यालयात, एक त्या त्या नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या वाचनालयात, आणि एक धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात. राजवाड्यांनी आयुष्यभर पायपीट करून दप्तरं गोळा केली आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. खान्देशात कागद जपायची परंपरा आहे, फक्त त्या कागदांत रेल्वेचे कागद अजून मोजले जात नाहीत. संगणकीय प्रतीबरोबर छापील प्रत हवीच. हार्ड डिस्क बंद पडली की आतलं सगळं जातं, कागद निदान अर्धा तरी वाचता येतो.

कामाचा क्रमही उलटा लावावा लागेल. मुख्य इमारत शेवटी जाते, कारण तिथं माणसं असतात आणि तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मालधक्क्यावर कोणी नसतं, त्याच्या पत्र्याला आणि लोखंडाला भाव असतो, आणि त्याची जागा यंत्रसामग्री ठेवायला सोयीची असते, म्हणून तो पहिल्या आठवड्यातच मोकळा केला जातो. तेव्हा पाचोऱ्याच्या माल बदलीच्या जागेपासून सुरुवात करावी, मग शेंदुर्णी, पहूर आणि जामनेरचे मालधक्के, मग हद्दीचे दगड आणि लहान पूल, मग कर्मचाऱ्यांची घरं. तिकीट खिडकी आणि दर्शनी भिंत सगळ्यांत शेवटी मोजली तरी चालेल.